उन्हाआधी एक तास

होळीची सुट्टी जोडून चांगुणा चार दिवसांसाठी मिरजगावला आली, तेव्हा छबूमावशीने माळ्यावरची पेटी उघडून आईची उशी बाहेर काढली. घरात उशा दोनच होत्या, एक मावशीची आणि एक आईची. आई गेली तेव्हा तेराव्याला तिची गोधडी, लुगडी, तांब्या असं सगळं देऊन झालं, पण उशी कुणी मागितली नाही आणि मावशीनेही ती पुढे केली नाही. दीड महिना ती डांबरगोळ्यांच्या वासात पडून होती. म्हणून सकाळी तलावाच्या कामावर निघण्याआधी मावशीने ती अंगणातल्या कुडावर उन्हात टाकली आणि दुपारी आत घे म्हणून सांगून गेली.

दुपारी चांगुणा उशी आणायला गेली, तर मांजरपाटाच्या पांढऱ्या अभ्र्यावर पिवळे डाग उमटले होते. सकाळी ते नव्हते, तिने स्वतःच उशी झटकून दिली होती. दोन डाग गालाएवढे होते आणि त्यांच्याजवळ एक लांबट, कानाच्या आकाराचा. तेलाचा डाग कडेने पसरतो, हळदीचा उन्हात उडून जातो. हा उन्हात उमटला होता.

तो पिवळा रंग तिच्या ओळखीचा होता. नगरच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. दरवर्षी बी.एस्सी.ची मुलं प्रात्यक्षिकाला एक पदार्थ तयार करत. कथील आणि आम्ल घालून उकळायचं, गाळायचं, थंड करायचं, की तळाशी पांढरे, सुईसारखे स्फटिक जमत. त्याचं नाव पॅरा-अमिनो बेंझोइक आम्ल. मुलांना त्याच्याशी गुणांपुरतंच देणंघेणं असे. प्रयोगशाळेतला जुना शिपाई लालमहंमद मात्र त्या पदार्थाला विटला होता, कारण हात पुसलेली फडकी खिडकीत वाळत घातली की त्यांवर पिवळे डाग पडत आणि ते सोड्यानेही जात नसत. पांढऱ्या वस्तूचा डाग पिवळा कसा, असं त्याने चांगुणाला तीन वेळा विचारलं होतं. तिनेही तीन वेळा सांगितलं होतं, की हवा आणि उजेड लागला म्हणजे ते पिवळं पडतं.

म्हणजे आई या उशीवर डोकं टेकायची त्या वेळी ते तिच्या गालांना, कानांना लावलेलं होतं. त्यात नवल नव्हतं. ते औषध चांगुणानेच तिला दिलं होतं. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ती आत गेली आणि खुंटीवरचा आईचा सदरा काढून उजेडात घेऊन आली. आई कामावर चोळीवरून हा पुरुषी, लांब बाह्यांचा सदरा घालायची. चांगुणाने त्याची कॉलर पाहिली, बाह्यांची टोकं पाहिली. घामाने विटलेला, रोज दिवसभर उन्हात तापलेला सदरा. त्यावर पिवळा डाग एकही नव्हता.

ती तो मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिली.

आई राहीबाई आणि मावशी छबूबाई या दोघी बहिणी जन्मतः पांढऱ्या होत्या. गोऱ्या नव्हेत, पांढऱ्या. केस, भुवया, पापण्यासुद्धा. आईबाप सावळे, बाकीची भावंडं सावळी आणि मधल्या या दोघीच अशा. कातडीला रंग देणारं द्रव्य त्यांच्या अंगात तयार होत नव्हतं, एवढीच गोष्ट. पण लोकांनी आधी त्याला शाप म्हटलं, मग ग्रहण म्हटलं आणि शेवटी कंटाळून त्यांचं नाव नुसतं ‘भुऱ्या’ ठेवलं. उजेडात त्यांचे डोळे आपोआप मिटत. नजर अधू, माणूस दहा पावलांवर आला तरी आवाजावरून ओळखायचा. राहीला गावच्या शाळेतल्या बिजवर मास्तरांनी पत्करलं. छबूला कुणी पत्करलं नाही. ती बहिणीच्या मागून तिच्या घरी आली ती तिथेच राहिली. मास्तर काळेसावळे होते. त्यांच्या वळणावर गेलेली चांगुणा आईच्या कडेवर बसली, की दुधाच्या भांड्यात गुळाचा खडा पडलाय म्हणून बाया हसायच्या. मास्तर वारले तेव्हा ती मॅट्रिकला होती. पुढचं तिचं सगळं शिक्षण या दोघींनी लोकांच्या रानात खुरपून केलं.

सावळ्या माणसाला ऊन लागतं आणि उतरतं. या दोघींच्या अंगावर ते राहून जायचं. फोड येत, पापुद्रे निघत, त्याखालची कातडी आणखी नाजूक असे आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा रानात. लहानपणी चांगुणाला वाटायचं, सगळ्यांच्याच आईचे हात असे खरबरीत आणि गुलाबी असतात.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या ग्रंथालयात एक परदेशी मासिक चाळताना तिला एक लेख दिसला. मुलांच्या परीक्षेतला तो पांढरा पदार्थ मद्यार्कात विरघळवून कातडीला लावला, तर उन्हातला जाळणारा भाग तो अडवतो, असं त्यात लिहिलं होतं. तिने लेख दोनदा वाचला. परीक्षेनंतर जे टाकून दिले जायचे ते स्फटिक लालमहंमदकडून गोळा करवले. ते गरम पाण्यात विरघळवून पुन्हा पुन्हा निवळून घेतले आणि शंभराला पाच या प्रमाणात स्पिरिटमध्ये मिसळले. आठ दिवस स्वतःच्या दंडाला लावून पाहिले. मग दिवाळीला तपकिरी बाटली आईच्या हातात दिली. तेव्हा आपण काय बोललो ते तिला अजून शब्दन्‌शब्द आठवत होतं. हे रोज लावायचं. तोंडाला, कानांना, मानेला, हातांना. विसरायचं नाही.

आई विसरली नव्हती. बाटली संपत आली की नगरला येणाऱ्या कुणाबरोबर तरी निरोप यायचा.

तरी दुसऱ्या वर्षी तिच्या कानाच्या पाळीवर खपली धरली ती सुटली नाही. मग मानेत गाठ आली. त्यात पाऊस गेला, गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं, आणि आई तशा कानानिशी मुरमाच्या पाट्या उचलत राहिली. लेकीला तिने कळवलं नाही. कळलं तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी गाठ चाचपून मान हलवली. हे उन्हाचं आहे, म्हणाले, वर्षानुवर्षांच्या उन्हाचं. माघात ती गेली.

तेव्हापासून चांगुणाने मनाशी एक गोष्ट धरून ठेवली होती, की औषध कमी पडलं. पन्नास वर्षांच्या उन्हापुढे एक बाटली काय पुरी पडणार? हे दुःखाचं होतं, पण त्यात तिचा हात नव्हता. आता मांडीवरचा सदरा काही वेगळं सांगत होता.

दिवस कलताना मावशी आली. हातपाय धुऊन, डोळ्यांवर पाणी मारून ती चुलीपाशी बसली. चांगुणाने चहा तिच्या हातात दिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, की आई ते औषध कधी लावायची.

“कधी मंजी? सांजच्याला,” मावशी म्हणाली. “कामावनं आलं, तोंड धुतलं, की मग. रातभर मुरायला नगं का औशीद?”

चांगुणाने मान हलवली. बरोबर होतं. या घरात खोबरेल, लोणी, हळद, गेरू, जे जे अंगाला लागलं ते दिवसभराचं काम संपल्यावर, धुतल्या अंगाला लागलं. औषध दुखण्यावर लावतात, आणि दुखणं तर संध्याकाळी घरी येतं. पहाटे अंगाला काही चोपडून मातीत कोण जाईल? उलट मातीच चिकटायची. आईने रोज, न चुकता, सूर्य मावळल्यावर ते लावलं. रात्रभर ते तिच्या गालांवर राखणीला बसलं, आणि सकाळी तोंड धुताना निघून गेलं.

वर्गात चांगुणा साधी परीक्षानळी तापवायची झाली तरी का ते सांगितल्याशिवाय मुलांना हात लावू देत नसे. आईला मात्र तिने नुसतं लाव म्हणून सांगितलं. आईला रसायन काय कळणार, असं तिला वाटलं होतं. तसं शब्दांत वाटलं नव्हतं, पण वाटलं होतंच.

चुलीच्या उजेडात मावशीचा चेहरा तिच्याकडे वळलेला होता. नाकाच्या शेंड्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी खपली होती. कधीपासून आहे, असं विचारल्यावर मावशीने बोटाने ती चाचपली आणि संक्रांतीपासून असंल म्हणाली.

चांगुणा उठली आणि कोनाड्यातली बाटली घेऊन आली. अर्धी शिल्लक होती. तिने सांगितलं, हे सकाळी लावायचं असतं, उन्हात जायच्या आधी एक तास. उद्यापासून तू लाव. नाकाची ती खपली पुढच्या वेळी नगरला दाखवू, पण लावायला उद्यापासून लाग.

चहा संपवून मावशीने कप पालथा ठेवला. मग म्हणाली की आपण हे कधी लावलंच नाही. एका बाटलीत दोघींचं भागायचं नाही, राहीला पुरावं म्हणून. आणि राहीला तरी काय गुण आला? शिवाय वास किती मारतो त्याला. सकाळी सकाळी दारूच्या भट्टीवरून आल्यासारखी ती कामावर गेली तर मुकादम हजेरी लावायचा सोडून तोंडच हुंगत बसेल.

चांगुणाने वासाचं आधी निस्तरलं. स्पिरिट फक्त गाडी आहे, ती पंधरा मिनिटांत उडून जाते, माल मागे कातडीत राहतो, आणि तो नीट धरायलाच तास लागतो, असं ती म्हणाली. मावशीने हूं केलं. पण तो माल करतो काय, हे तिने विचारलं नाही, आणि चांगुणाला जाणवलं की आपण पुन्हा तिथेच आलो आहोत. उद्या ही लावेल किंवा लावणार नाही, पण लावलं तरी कशासाठी ते हिला ठाऊक नसेल.

तिच्या डोक्यात ते सगळं स्वच्छ होतं. उन्हात जो उजेड दिसतो तो जाळत नाही. जाळतो तो न दिसणारा, निळ्याजांभळ्याच्याही पलीकडचा, अतिनील किरण. त्या पांढऱ्या पदार्थाच्या रेणूत सहा कार्बनचं एक कडं असतं. एका टोकाला नायट्रोजन, समोरच्या टोकाला आम्ल, आणि मध्ये कड्यात सैलपणे फिरणारे इलेक्ट्रॉन. किरण आदळला की त्याची शक्ती घेऊन ते वर उचलले जातात आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी परत खाली येतात. घेतलेली शक्ती थोड्या उबेच्या रूपाने निघून जाते. रेणू होता तसा उरतो, पुढचा किरण घ्यायला मोकळा. सावळ्या माणसाच्या कातडीतला रंगही साधारण हेच काम करतो. हे तिने वर्गात दहा वेळा सांगितलं असेल.

मावशीला ती म्हणाली, तलावावर तुम्ही बाया रांगेत उभ्या राहून पाट्या पुढे देता ना?

“देतो की.”

तसंच आहे. ऊन वरून पाट्या टाकतंय असं समज. तुझ्या कातडीत कुणी झेलणारं नाही, म्हणून त्या सगळ्या थेट आत पडतात आणि आतलं मोडतं. माझ्या काळ्या कातडीत झेलणाऱ्या बाया जन्मापासून उभ्या आहेत. या बाटलीत तसल्याच बाया आहेत, भाड्याच्या. आलेली पाटी त्या हातात घेतात आणि तिची ऊब करून बाजूला रिचवतात. हात रिकामे झाले की पुढची घेतात. पण त्या आधी येऊन रांगेत उभ्या राहायला हव्यात. सगळा मुरूम पडून गेल्यावर संध्याकाळी आल्या तर त्या काय झेलणार?

मावशीने चुलीतलं लाकूड आत सारलं.

“आन दमत न्हाईत व्हय त्या?”

“दमतात. काही मोडून पडतात, काही घामानं वाहून जातात. म्हणून दुपारी पुन्हा लावायचं.”

“मंजी जेवनाची सुट्टी झाली की नवी टोळी,” मावशी म्हणाली. ती किंचित हसली, आणि मग तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. तिला चांगुणाचं पटलं होतं का ते कळायला मार्ग नव्हता. भांडी आवरून झाल्यावर ती आपणहून म्हणाली, की ती लावेल, पण एका हाताला. डाव्या. उजवा तसाच ठेवायचा. दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारून दिवसभर काम करायचं आणि मग बघायचं.

चांगुणाने नको म्हटलं. प्रयोगाची काही गरज नाही, लेखात सगळं आहे, तिने स्वतःवर करून पाहिलं आहे. उजव्या हाताला फोड येतील. मावशीने ऐकून घेतलं.

“तुझ्या कातडीवर काय दिसनार,” ती म्हणाली. “माझ्यावर बघू.”

सकाळी चांगुणाने तिच्या डाव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत बाटलीतलं औषध चोळलं. सदऱ्याच्या बाहीखाली राहिलेले मावशीचे हात मनगटाच्या वर इतके कोवळे होते, की त्याचंच तिला आश्चर्य वाटलं. मावशी तासभर थांबली नाही. अर्ध्या तासात दोनदा उठली, पाण्याची कळशी जागेवरून हलवली, आणि मुकादम वाट बघतोय का म्हणून निघाली. उरलेला तास वाटेत धर, म्हणाली. एवढं बरं, की उन्हं फारशी वर आलेली नव्हती.

दुपारी चांगुणा रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकरी आणि पिशवीत बाटली घेऊन तलावाकडे गेली. सारं शिवार उघडं पडलं होतं. तलावाच्या जागी एक मोठा खड्डा होता, आणि त्याच्या कडेला भराव चढत होता. पुरुष खाली खणत होते. खालून वर बायांची रांग लागली होती आणि पाट्या हातोहात वर सरकत होत्या. मधोमध मावशी, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, डोळे मिटलेले. तिला पाटी दिसत नव्हतीच. शेजारणीच्या धापेवरून ती हात पुढे करायची. दोन्ही बाह्या वर खोचलेल्या होत्या.

सुट्टी झाल्यावर बाया बाभळीखाली बसल्या. चांगुणाने बाटली उघडून मावशीचा डावा हात हातात घेतला तशी शेजारच्या कडूबाईने नाक वर केलं.

“छबे, कुठल्या भट्टीची म्हनायची ही? वास तर झ्याक सुटलाय.”

“पहिल्या धारंची,” मावशी म्हणाली. “पर ही हाताला चढती, डोक्याला न्हाई.”

“आन एकाच हाताला का? दुसरा हात माळकरी हाय व्हय?”

बाया हसल्या. मावशीही हसली आणि उजवा हात पाठीमागे घेतला. चांगुणाने तो ओढून पाहिला नाही. दुपारपर्यंत नुसता गुलाबीपणा येतो, खरं काय ते दुसऱ्या दिवशी दिसतं, हे तिला ठाऊक होतं. लावून झाल्यावर तिने पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, की आपल्याला काय व्हायला हवं आहे.

दोन्ही हात सारखेच भाजले, तर औषध कुचकामी. मग आईने ते सकाळी लावलं काय, संध्याकाळी लावलं काय, फरक नव्हता, आणि आईला नीट न सांगण्याचा गुन्हा चांगुणाने केलाच नव्हता. पण मग मावशीसाठीही काही उरत नव्हतं. ते नाक, ती खपली, आणि पुढे जे आईचं झालं ते. डावा हात वाचला तर मावशी वाचेल. आणि मग दोन वर्षं, रोज सकाळी, आई वाचवता येण्यासारखी होती.

कडूबाईचं दुसऱ्या कुणाला तरी काही चिडवणं चालू होतं. मुकादमाने शिट्टी मारली. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि रांगेत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. चांगुणा घरी परतली. दोन्ही हात लाल व्हावेत असं वाटभर एकदाही वाटलं नाही, असं तिला म्हणता आलं नसतं. एकदा वाटलं. नंतर ती झपाझप चालली.

संध्याकाळी मावशीने उजवा हात पाण्यात बुडवून धरला, पण कंदील जवळ आणू दिला नाही. सकाळी बघू, म्हणाली. भाकरी डाव्या हाताने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिने स्वतःच दार उघडलं आणि दोन्ही हात उजेडात पुढे केले. उजवा कोपरापासून खाली लालभडक होता, सुजलेला, आणि त्यावर पाण्याचे बारीक फोड धरलेले. डावा जवळजवळ होता तसाच होता. मनगटाशी, पाटी घासून औषध पुसलं गेलं असेल तिथे, एक लाल कडं तेवढं होतं. मावशीने हात डोळ्यांजवळ नेले, पण तिला दिसलं ते पुरेसं वाटलं नसावं. डाव्या हाताच्या बोटांनी तिने उजवा चाचपला, मग उजव्याच्या बोटांनी डावा.

“गुन हाय त्याला,” ती म्हणाली.

चांगुणाने हो म्हटलं. ओल्या फडक्याची घडी तिने उजव्या हातावर ठेवली. सांगायचं होतं ते तिने दोन दिवसांत मनात अनेकदा जुळवलं होतं, तरी तोंडातून तुटक निघालं.

“मावशी, आईला मी सांगितलं नव्हतं. सकाळी लावायचं, हे. नुसतं रोज लाव म्हणाले.”

मावशीने फडकं दाबून धरलं. त्यातून पाण्याचे थेंब जमिनीवर पडत राहिले. ती बोलली तेव्हा आवाज नेहमीचाच होता.

“तिला कुठं दिसायचं कानामागं. म्याच लावायचे. रोज सांजच्याला, माझ्या हातानं.” ती थांबली. “म्हनून तर बघायचं हुतं मला.”

चांगुणाला तेव्हा कळलं, की दोन हातांची अट अविश्वासाने घातलेली नव्हती. आपल्याप्रमाणेच मावशीही दिवसभर त्या रांगेत उभी राहून कशाची तरी वाट बघत होती. आणि उजवा हात तिने तसाच का ठेवला, दुपारीही पदराखाली का घेतला नाही, हे विचारायची आता गरज नव्हती.

“आईचं दुखणं जुनं होतं,” ती म्हणाली. डॉक्टर तसंच म्हणाले होते, आणि ते खरंही होतं. “दोन वर्षं सकाळी लावलं असतं तरी—”

“गप ऱ्हा,” मावशी म्हणाली. त्यात राग नव्हता. “आसंल. तुला ठावं त्यातलं. पर आता बोलू नगं.”

ती उठली, कोनाड्यापाशी जाऊन हाताने चाचपत बाटली काढली आणि चांगुणासमोर येऊन बसली. डोळे मिटून तिने तोंड पुढे केलं. चांगुणाने फोडांना लागू नये म्हणून उजवा हात बाजूला ठेवला आणि कपाळापासून सुरुवात केली. गाल, हनुवटी, मान. नाकावरची खपली सोडून तिच्या भोवतीने. कानांना लावताना तिने पाळ्या दोन बोटांत धरून मागून पुढून चोळल्या. मावशीचं तोंड स्पिरिटने आक्रसलं, पण ती मागे सरली नाही. नाक दाखवायला नगरला यायचं, आणि ते पुढच्या वेळी नाही, या शनिवारीच, असं चांगुणा म्हणाली. मावशीने शनिवारी काम बंद असतं का ते आठवून पाहिलं आणि येते म्हणाली. उजवी बाही चांगुणाने हलक्या हाताने खाली ओढून मनगटाशी गुंडी लावली. आज जाऊ नकोस, असं तिने म्हटलं नाही. म्हणून उपयोगही नव्हता.

मग करायला काही उरलं नाही. मावशी भिंतीला टेकून बसली, तोंड वर करून, मांडीवर दोन्ही हात ठेवून. सकाळच्या वेळी तिला अशी रिकामी बसलेली चांगुणाने कधी पाहिली नव्हती. तास म्हणजे केवढा, तिने विचारलं. झाला की सांगते, चांगुणा म्हणाली आणि मनगटावरचं घड्याळ फिरवून आतल्या बाजूला घेतलं. मावशीच्या चेहऱ्यावरचा ओलेपणा हळूहळू गेला. वासही विरत चालला. बाहेर तलावाकडे निघालेल्या बायांचे आवाज आले, घमेली एकमेकांवर आपटल्याचे, कुणीतरी कुणाला मागे राहिल्याबद्दल रागावल्याचे. ते कुडापाशी येऊन थांबले.

येते का गं छबे, कडूबाईने रस्त्यावरून हाक दिली, उन्हं वर आली.

मावशीने डोळे उघडले नाहीत.

“तू हो म्होरं,” ती म्हणाली. “मला अजून येळ हाय.”